आडनाव काय, मॅडम?

ऑफिसात 'रिटेन्शन' म्हटलं की आपले कान टवकारतात. बोनस, कॅब, प्रमोशन! पण सरकारी शाळेतली दलित शिक्षिका नोकरीत टिकावी म्हणून कोण काय करतं? शिवाजी पेठेतल्या कुठल्याही कट्ट्यावर विचारून बघा.

भरतीत कोल्हापूर मागे नव्हतं, बॉस. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या सरकारी जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. घोडं अडतं ते पुढे. जुना दाखला नागपूरचा. जाईबाई चौधरी मिशनच्या शाळेत शिकवायच्या. जात कळली, पालक बिथरले, नोकरी सुटली. बाईंनी 1922 साली मुलींसाठी स्वतःची शाळाच काढली!

आज अनुसूचित जातींना 13 टक्के जागा, त्यात महिलांना 30 टक्के. छान. पण पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक'. प्राथमिकला मानधन 2022 पर्यंत 6 हजार, 2023 पासून 16 हजार. त्यात परक्या गावात खोली शोधायची. घरमालक भाडं नंतर सांगतो, आधी विचारतो, "आडनाव काय, मॅडम?" मग खोली 'कालच गेली' असते. रोज एसटीचे धक्के खाऊन किती दिवस निघणार? बदलीचा अर्ज येणारच. (आणि आपण म्हणणार, हल्ली शिक्षक गावात राहतच नाहीत!)

माझ्या मते नेमणुकीच्या पत्राबरोबरच शाळेजवळच्या सरकारी खोलीची किल्ली द्यावी. तोवर पेठेत कुणाचा वरचा मजला रिकामा असेल, तर पाटीवर भाडं आणि फोन नंबर लिहा. बाकी चौकशा नकोत.