दोन भाषांचा जिल्हा, तिसऱ्या भाषेंतला सौदा

शेतकरी व कारागीर बंधूंनो, आपल्या जिल्ह्याला सध्यां मोठें गिऱ्हाईक लागलें आहे. २०२४ च्या जुलैंत टोयोटा किर्लोस्कर कंपनीनें सरकारशीं सुमारें २०,००० कोटी रुपयांच्या मोटार कारखान्याचा करार केला. एथर कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या दुचाक्या बिडकीनला व्हायच्या, हेंही त्याच वर्षीं जाहीर झालें. शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारें १०,००० एकरांवर ‘ऑरिक’ नांवाची औद्योगिक नगरी आंखली आहे. तिच्या कचेरीचें उद्घाटन पंतप्रधानांनीं ७ सप्टेंबर २०१९ रोजीं केलें. छत्रपती संभाजीनगर म्हणजे भांडवलाला सोन्याची खाण, असें जो तो सांगतो आहे. (ज्यांच्या जिभेवर अजून औरंगाबादच आहे त्यांनीं रागावूं नये, खाण तीच आहे.)

कारखाना नको, असें म्हणणारे आम्ही नव्हे. १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना निघाला आणि त्याच्या आसऱ्यानें लहान लहान वर्कशॉपांची रांग लागली. ज्या लोहाराला बलुत्याच्या पायलीसाठीं खळ्यावर उभें राहून पाटलाच्या तोंडाकडे पाहावें लागे, त्याचा नातू आज लेथवर स्वतःच्या हिशेबानें काम घेतो. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्यें डाय करायला शिकलेल्या पोराला, तूं अमक्याचा म्हणून कोणी भात्यापाशीं बसवीत नाहीं. गांवगाड्यानें पिढ्यान् पिढ्या जें दिलें नाहीं तें यंत्रानें एका पिढींत दिलें, हें कबूल न करणें कृतघ्नपणाचें होईल.

पण सौदा म्हटला कीं माल कोणाचा, हें आधीं पाहावें. येथें विकावयास मांडलेला माल तीन प्रकारचा: जमीन, पाणी आणि हात. तिन्ही आमचे. दुकानावर बसलेले मात्र भलतेच, आणि किंमतीची पाटी इंग्रजींत.

ही रीत नवी नाहीं. निजामाच्या राज्यांत कचेरीचा कागद आधीं फारशींत असे, १८८४ पासून तो उर्दूंत झाला. मराठी कुणब्यानें खालीं अंगठा करावा, आणि वर काय लिहिलें तें सावकारानें सांगावें. सांगणारा आपल्या सोयीचें सांगे. शहरांत हिमरू विणणारा कारागीर घरीं दक्खनी बोले, पण कचेरीची जड उर्दू त्यालाही परकीच. १९४८ त निजामाची सत्ता गेली, १९५६ त आपण द्विभाषिक मुंबई राज्यांत आलों, १९६० त महाराष्ट्र झाला, १९६४ च्या कायद्यानें मराठी राजभाषा ठरली. इतकें होऊनही भांडवलवाल्यांपुढें मांडायचा कागद इंग्रजीच आहे. अक्षरशत्रु कुणबी कसा नागवला जातो, तें जोतीरावांनीं १८८३ त ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखविलें. आज त्याच कुणब्याचा पणतू पदवीधर आहे. पण चाळीस पानांचा इंग्रजी करार पुढें आला कीं तोही ‘सही कुठें करूं साहेब?’ एवढेंच विचारतो.

आमच्या दोन भाषांचें आपसांत कधीं अडलें होतें काय? जमीन, हिस्सा, वारस, दस्त, तहसील हे शब्द फारशी-अरबींतून आले, आणि ज्या म्हातारीनें आयुष्यांत शाळा पाहिली नाहीं तिच्याही तोंडीं ते आहेत. पैठणीचा विणकर आणि हिमरूचा विणकर, दोघेही रेशीम महागलें म्हणून सारखेच कपाळाला हात लावतात. २०२३ त शहराचें व जिल्ह्याचें नांव बदललें तेव्हां दोन्ही बाजूंचीं पोरें हमरीतुमरीवर आलीं. त्यांना झुंजविणारे पुढारी करारावर कोणतें कलम आहे, याविषयीं मात्र कधीं हमरीतुमरीवर येत नाहींत.

आतां जमिनीचा हिशेब करूं. बिडकीनला एकरीं २३ लाख रुपये मोबदला मिळाला. कुणब्यानें जन्मांत न पाहिलेली रक्कम! एकरांत सुमारें ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरमागें सुमारें ५६८ रुपये. तोच तुकडा कारखानदाराला काय भावानें जातो, तें ऑरिकच्या कचेरींत जाऊन विचारा. मधल्या रस्त्यांचा, गटारांचा, विजेचा खर्च प्रामाणिकपणें वजा करा, कारण तो खरा आहे. मग जी वाढ राहील ती कोणाची? आमचें म्हणणें असें कीं, तींत जमीन देणाऱ्याचा कायमचा भाग असावा. रोख रकमेला पाय असतात. भावाबहिणींची वांटणी, लेकीचें लग्न, स्लॅबचें घर, दारांत गाडी. आणि थोड्याच वर्षांत तोच जमीनदार दुसऱ्याच्या फाटकावर शिट्टी घेऊन पहारेकरी.

हें स्वप्नांतलें बोलणें नव्हे. पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यांत सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली ४०० एकरांवर जमीन फुंकून टाकली नाहीं. त्यांनीं स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर ठरविले, आणि नगर वसविलें. तेथें पुणें लागून होतें, पुढारी घरचाच होता, हें मान्य. बिडकीनला तसेंच्या तसें साधेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण भाग मागायला कोणाची बंदी आहे?

भांडवल आज येतें तसें उद्यां जातें, हेंही ध्यानांत ठेवा. पैठण रस्त्यावर चितेगांवला व्हिडिओकॉनचा केवढा पसारा होता! २०१८ त त्या कंपनीचें प्रकरण दिवाळखोरींत गेलें. कामगार घरीं बसतो. त्याच्या बापाची जमीन कांहीं परत येत नाहीं.

पाण्याचेंही तसेंच. जायकवाडी १९७६ त पुरें झालें, त्यासाठीं शंभरावर गांवें उठलीं, आणि सांगितलें काय, तर शेताला पाणी. २०१६ च्या दुष्काळांत माणसें टँकरमागें धांवत असतां दारूच्या कारखान्यांचें पाणी ६० टक्के तोडण्याचा हुकूम हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला काढावा लागला. टंचाईंत पहिला हक्क कोणाचा, हें प्रत्येक कारखान्याच्या करारांत आधींच लिहून घ्यावें.

पुढील संपादनापूर्वीं सगळा मसुदा ग्रामसभेंत मराठींत वाचावा, जेथें उर्दू वाचणारी वस्ती आहे तेथें उर्दूंतही वाचावा. मोबदल्याबरोबर वाढींतला भाग लेखी द्यावा. कारखान्याच्या भिंती उठत असतांनाच जमीन देणाऱ्या घरांतल्या मुलामुलींस टूल रूममध्यें वा आयटीआयमध्यें बसवावें, आणि पहारेकऱ्याची नेमणूक ही ‘प्रकल्पग्रस्तास नोकरी’ म्हणून मोजूं नये.

ज्या गांवीं संपादनाची नवी नोटीस येईल तेथील मंडळींनीं सही करण्यापूर्वीं तिची नक्कल आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती दोन्ही भाषांत उतरवून याच पानावर छापूं.