डेकवर स्टेन नंतर, आधी घासकाम!

पावसाळा संपला की टेरेसवरच्या, फार्महाऊसच्या लाकडी डेकला चमक आणायची घाई सुरू होते. कारागीर म्हणतो, 'आजच संपवतो.' त्याला थांबवा. पैसे महागड्या स्टेनपेक्षा तयारीवर खर्च करा.

का? स्टेन लाकडात मुरावा लागतो. खाली ओल, शेवाळ किंवा जुनं वॉर्निश असेल तर तो वरच राहतो आणि पापुद्रे निघतात.

काय कराल? डेक ब्रशने धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते लाकडात मुरले, तर पुन्हा वाळवून स्टेन लावा.

सावधान! जवसाच्या तेलाच्या स्टेनची चिंधी बोळा करून टाकू नका. ती आपोआप पेटू शकते. बाहेर मोकळी पसरून वाळवा.