हातमोजा किती अंशांचा?

आमच्या शेजारचा एक मुलगा यंदा दहावीला आहे. वडील मच्छीमार, पण पोराला जाळ्यापेक्षा गळाचे वेड अधिक. खाडीच्या मुखाशी खडकावर उभा राहून तो तांबोशीसाठी, जिताड्यासाठी गळ टाकतो. गळाला कोळंबी लावण्याऐवजी आता पुष्कळ जण नकली आमिष लावतात. त्यातला एक प्रकार म्हणजे ‘जिग’. गळाच्या डोक्याशी शिशाचा गोळा आणि मागे पिसांचा किंवा रबरी शेपटीचा झुपका. पाण्यात हिसके देत ओढला की माशाला तो जिवंत वाटतो. बाजारात जिग महाग, आणि खडकात अडकून रोज एखाददुसरा जायचाच. तेव्हा स्वारीने ठरवले की शिसे घरीच वितळवून साच्यात ओतायचे. घरात हे काम नवे नव्हते. पागाच्या कडेला लावायच्या गोळ्या त्याचे आजोबा घरीच ओतत असत. एवढे ठरल्यावर तो माझ्याकडे आला आणि मोबाइलवर दोन जाहिराती दाखवून म्हणाला, “सर, हा मोजा ५०० अंशांचा आहे नि हा ८०० अंशांचा. शिसे ३२७ अंशांना वितळते. मग ५०० वाला पुरेल ना?”

त्याचे गणित चुकलेले नव्हते. चुकला होता तो प्रश्न. आणि तो एकट्या त्याचाच चुकला असे नाही. आपण शिक्षक मंडळीसुद्धा प्रयोगशाळेत “हातमोजे घाला रे” एवढे म्हणून मोकळे होतो. कोणते मोजे, कशासाठी, किती वेळासाठी, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

आता जरा स्वयंपाकघरात चला. आजी तव्यावरची भाकरी उघड्या बोटांनी उलटते. तवा २०० अंशांच्याही वर तापलेला असतो. तरी तिचे बोट भाजत नाही. पण त्याच तव्याच्या कडेला बोट लागले तर? क्षणात फोड! भाकरीत ओलावा असतो, म्हणून तिचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. तिचा वरचा सुकलेला पापुद्रा उष्णतेचा दुर्वाहक आहे. आणि बोट टेकते ते अर्धा सेकंद. तवा मात्र लोखंडाचा, उष्णतेचा सुवाहक. बोटाने घेतलेली उष्णता तो मागून लगेच भरून देतो. म्हणजे भाजणे हे केवळ तापमानावर ठरत नाही. किती उष्णता, किती वेगाने आणि किती वेळ आत शिरली, यावर ते ठरते.

त्वचेचा हिशोब मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली मांडला. त्वचेचे तापमान ४४ अंशांवर टिकले तर इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. ४९ अंशांना दहाएक मिनिटे पुरतात, ६० अंशांना पाचच सेकंद, आणि ७० अंशांना सेकंदभराचेही काम नाही. आकडे पुन्हा एकदा पाहा. तापमान ११ अंशांनी वाढले आणि मिनिटांचे सेकंद झाले. तेव्हा हातमोज्याचे काम एवढेच, की कातडी त्या घातक अंशांपर्यंत पोहोचण्याआधी हात बाजूला घ्यायला आपल्याला काही सेकंद मिळावेत. हातमोजा उष्णता अडवत नाही, तिला उशीर करतो.

म्हणूनच ‘५०० अंश’ या शब्दांमागे सेकंद लपलेले असतात. युरोपात हातमोज्यांसाठी ‘ईएन ४०७’ नावाचे मानक आहे. त्यात मोजा तापलेल्या पृष्ठभागावर टेकवतात आणि आतल्या बाजूचे तापमान १० अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते मोजतात. निदान १५ सेकंद लागले तर मोजा पास. पृष्ठभाग १०० अंशांचा असेल तर पहिली श्रेणी, २५० ला दुसरी, ३५० ला तिसरी आणि ५०० ला चौथी. म्हणजे ‘५०० अंशांचा मोजा’ या शब्दांचा अर्थ फार तर एवढाच, की कोरडा आणि नवा मोजा ५०० अंशांच्या वस्तूवर १५ सेकंद टिकला. विसाव्या सेकंदाला काय होईल याची हमी त्यात नाही. मूठ आवळली की कापड दबते, त्यातली हवा निघून जाते आणि ते १५ सेकंदही कमी होतात. जाहिरातीत मानकाचे नावच नसेल, तर तो आकडा दुकानदाराच्या मर्जीचा समजावा.

कोरडा हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या किनाऱ्यावर शिसे ओतायचे काम निघते ते बहुधा पावसाळ्यात. समुद्रातली मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त करायला माणसांना सवड असते. आणि नेमका तेव्हाच भिंतीवर टांगलेला हातमोजा दमट असतो! कापूस किंवा लोकर उष्णता रोखते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीस पटींहून अधिक सहज वाहते. हवेच्या जागी पाणी आले की मोज्याचा मुख्य गुणच गेला. त्यात गरम वस्तू लागली की पाण्याची वाफ होते. ती बाहेर जाते तशी आतही शिरते, आणि कातडीवर तिचे पुन्हा पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २२५० ज्यूल अप्रकट उष्मा तिथेच सोडते. चिंब कापड पहिला क्षण गार लागते म्हणून आपण फसतो. नुसते दमट कापड तर त्याहून वाईट, कारण ते ओले आहे हे ध्यानातच येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. शिकत असताना एका जुलै महिन्यात तापलेली मूस उचलायला मी प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेला सुती मोजा चढवला. रात्रभर पावसाची झड आत येत होती, हे मला कसे कळणार? मूस हातात जेमतेम तीन सेकंद होती. मधल्या बोटावरचा डाग अजून आहे. मोजा कुठेही जळला नव्हता. तो मुळी नाबाद!

तुम्हाला हे करून पाहायचे असेल तर बोट नको, तापमापी घ्या. स्टीलच्या पेल्यात कढत पाणी भरा, उकळते नको. चार पदरी रुमाल बाहेरून पेल्याला लावा, तापमापीचा फुगा रुमालावर टेकवून धरा आणि तापमान १० अंशांनी चढायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग तोच रुमाल साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पुन्हा मोजा. युरोपातल्या त्या मोठ्या चाचणीचे हे गरिबाघरचे रूप आहे. वहीत आकडे लिहायला विसरू नका.

आता शिशाकडे वळू. ओतताना शिसे साधारण ४०० अंशांपर्यंत तापवतात. एक गंमत पाहा. ४०० अंशांचे एक ग्रॅम शिसे थंड होऊन ५० अंशांवर येताना, त्याचा गोठतानाचा अप्रकट उष्मा धरूनही, सुमारे ७० ज्यूल उष्णता देते. एक ग्रॅम उकळते पाणी ५० अंशांवर येताना २१० ज्यूल देते. वजनाला वजन धरले तर पाणी तिपटीने भाजणार! पण थेंब काही तराजूत तोलून पडत नाही. अर्ध्या मिलिलिटरचा पाण्याचा थेंब अर्धा ग्रॅम, आणि तेवढाच शिशाचा थेंब पाच ग्रॅमांचा. पाणी देणार १०५ ज्यूल, शिसे ३५० च्या आसपास, आणि तेही धातू असल्यामुळे झटकन. शिवाय पाणी ओघळून जाते, शिसे जागीच गोठते. पाच ग्रॅम मांसाचे तापमान २० अंशांनी वाढवायला ३५० ज्यूल पुरतात. वरचे मोरिट्झ-हेन्रिक्स यांचे आकडे आठवा.

तेव्हा शिशाच्या कामात मोज्याला खरा सामना द्यायचा असतो तो उडालेल्या थेंबाशी. तापलेली वस्तू धरून ठेवण्याशी नव्हे. धरायला पक्कड आहे, लांब दांड्याचा पळा आहे. थेंबासाठी मोजा कसा हवा? गुळगुळीत, म्हणजे थेंब घसरून पडेल. विणलेला मोजा, मग तो केव्हलारसारख्या न वितळणाऱ्या धाग्याचा का असेना, त्याच्या विणीत थेंब रुतून बसतो. नायलॉन २२० ते २६० अंशांत वितळते, पॉलिएस्टर साधारण २६० ला. असल्या धाग्याचा मोजा शिशाच्या थेंबाने वितळून कातडीला चिकटतो, आणि तो ओढून काढणे हे भाजण्याहून भयंकर. स्वयंपाकघरातला सिलिकोन रबराचा मोजा गुळगुळीत आणि पाणी न पिणारा, पण बहुधा दोनशे-अडीचशे अंशांपर्यंतचाच. मऊ प्लास्टिकची आमिषे १७५-१८० अंशांना ओततात, तिथे तो चालेल. शिशाला नाही.

माझे मत विचाराल तर वेल्डिंग करणारे वापरतात तो जाड चामड्याचा, आतून सुती अस्तराचा, कोपरापाशी पोहोचणारा मोजा बरा. शिवण नायलॉनच्या दोऱ्याची नसावी. मोजा नि बाही यांच्यात फट नसावी. आणि तो किंचित सैल असावा. सैल का? कारण सगळ्यात चांगला मोजा तो, जो झटक्यासरशी हातातून भिरकावता येतो. घट्ट मोज्यात शिरलेला थेंब बाहेर काढायला दुसऱ्या हाताची वाट पाहावी लागते. फार जाड मोजाही मला पसंत नाही. बोटांना पळा नीट धरता आला नाही तर जे सांडायला नको तेच सांडते.

हे सगळे त्या मुलाला सांगून झाल्यावर मी म्हटले, “आता मोज्याला जे जमत नाही ते ऐक.” साच्यात किंवा पळ्यात पाण्याचा एक थेंब असला आणि त्यावर ४०० अंशांचे शिसे पडले, तर पाण्याची वाफ सोळाशेपटीहून अधिक जागा मागते आणि वरचे शिसे तोंडावर उडवते. हाताला मोजा आहे, डोळ्याला काय? पावसाळ्यात साचाही दमट असतो, हे पुन्हा सांगायला नको. दुसरे म्हणजे शिसे विषारी आहे. वितळलेल्या शिशावरची साय, तिची पूड बोटांवरून, मोज्यांवरून, कपड्यांवरून पोटात जाते. शिशाची अपाय न करणारी अशी कुठलीही मात्रा ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत मोठा. ज्या शेगडीवर भात शिजतो तिच्यावर शिसे वितळवणे हा तर निव्वळ अविचार होय. (ब्रिटनमध्ये हंस मरू लागले म्हणून १९८७ साली गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. हंसांसाठी जे सुचले ते आपल्या पोरांसाठी सुचायला हरकत नसावी.)

म्हणून शाळकरी मुलांनी शिसे वितळवू नये, मोजा कितीही उत्तम असला तरी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्यांनी करायचेच असेल तर उघड्यावर, कोरड्या दिवशी, चेहऱ्यावर ढाल लावून करावे आणि मोजे घरात आणू नयेत. वितळवण्याची हौसच असेल तर ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथिल यांचे मिश्रण १३८ अंशांना वितळते, आणि त्यात शिशाचे विष नाही. महाग आहे, खरे. आणि तेही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच. भाजणारे ते आहेच.

मुलगा हिरमुसला. तेव्हा मी त्याला फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराची हकीकत सांगितली. त्याने १९३६ साली आपले पहिले आमिष बुचाच्या लाकडातून चाकूने कोरले आणि चॉकलेटची चांदी वर गुंडाळली. भट्टी नाही, मोजा नाही! पुढे त्याच आमिषाने त्याचे नाव जगभर नेले.

वडिलांनी चामड्याचे मोजे आणले आहेत. पागाच्या गोळ्या आता तेच ओततात, परसात, आणि मोजे झाकणाच्या डब्यात पडवीत असतात. मुलाने पांगाऱ्याचे हलके लाकूड मिळवून वीतभर लांबीचा मासा कोरला, त्याला डोळे रंगवले आणि पोटात बाजारातली तयार शिशाची गोळी बसवली. पहिल्याच रविवारी तो मासा खाडीत कांदळवनाच्या मुळांत अडकला. दुसरा कोरणे चालू आहे.