मसाज खुर्चीची खरेदी आणि बसण्याचा हक्क

विमानतळावर आणि मोठ्या व्यापारी संकुलात दिसणारी मसाज खुर्ची आता महानगरांतील मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात येऊ लागली आहे. काही लाख रुपये मोजून ती घरी आणण्यामागे केवळ चैनीची हौस आहे, असे म्हणता येणार नाही. त्यामागील कारणे चेन्नईत विशेष स्पष्टपणे दिसतात. याच शहरात दुकानातील कर्मचाऱ्यांना साधे बसायला मिळावे यासाठी २०२१ मध्ये कायदा करावा लागला, ही बाबही त्यासोबत लक्षात घेण्याजोगी आहे.

पहिले कारण कामाच्या स्वरूपात आहे. २००० मध्ये टायडेल पार्क सुरू झाल्यानंतर जुन्या महाबलीपुरम मार्गावर सिरुसेरीपर्यंत माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा विस्तार झाला. संगणकासमोर तासन् तास बसणे आणि त्यात वाहतूक कोंडीतील प्रवासाची भर, हा तेथील हजारो कर्मचाऱ्यांचा दिनक्रम बनला. २०२० च्या टाळेबंदीत घरातील जेवणाचे टेबलच कार्यालय झाले आणि मसाज केंद्रे अनेक महिने बंद राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे.

दुसरे कारण वाढत्या वयाचे आहे. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाच्या लोकसंख्या अंदाजानुसार तामिळनाडूत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण २०२१ मध्ये १३.६ टक्के होते. २०३१ मध्ये ते १८.२ टक्क्यांवर जाण्याची शक्यता आहे. याबाबतीत केरळनंतर तामिळनाडूचाच क्रम लागतो. सिंगापूर वा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांना आईवडिलांचे पाय चेपायला येता येत नाही. ते काम यंत्रावर सोपवणे मात्र शक्य होते.

अंगमर्दन ही या समाजाला नवी गोष्ट नाही. महाराष्ट्रात दिवाळीचे अभ्यंगस्नान, तसे तामिळ घरांत तेल लावून स्नान करण्याचे आठवड्याचे वार ठरलेले असत. सिद्ध वैद्यकात ‘तोक्कणम’ या नावाने मर्दनाची स्वतंत्र उपचारपद्धती आहे. परंतु त्यासाठी घरात माणसे आणि हाताशी सवड लागते. छोट्या कुटुंबात दोन्ही दुर्मिळ झाली. परक्या व्यक्तीकडून मसाज करून घेण्याचा संकोच, विशेषतः स्त्रियांचा, खुर्चीमुळे टळतो. मासिक हप्त्यांची सोयही खरेदीस हातभार लावते.

मसाज खुर्चीचा उगम जपानमधील. ओसाका येथे नोबुओ फुजिमोतो यांनी १९५४ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला आणि सार्वजनिक स्नानगृहांतून ती लोकप्रिय झाली. आजच्या खुर्चीत पाठीच्या कण्यालगत फिरणारे रूळ, हातापायांवर दाब देणाऱ्या हवेच्या पिशव्या आणि ऊब देणारी यंत्रणा असते. तथापि, तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी याला मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत मसाजाला स्थान आहे. पण व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसोपचार यांच्या जोडीने. खुर्ची स्नायूंना तात्पुरता आराम देऊ शकते. व्यायामाची जागा ती घेऊ शकत नाही. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, पायात रक्ताची गुठळी असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना ती वापरणे धोक्याचे ठरू शकते.

याच शहरातील त्यागराय नगरचे चित्र वेगळे आहे. तेथील रंगनाथन स्ट्रीटवरील कापड दुकानांत काम करणाऱ्यांचे जिणे दिग्दर्शक वसंतबालन यांच्या ‘अंगाडी तेरु’ या २०१० च्या चित्रपटाने पडद्यावर आणले. कर्मचाऱ्यांना कामाच्या पूर्ण वेळेत उभे ठेवले जाते व त्यातून आरोग्याच्या तक्रारी उद्भवतात, असे कारण देत सप्टेंबर २०२१ मध्ये तत्कालीन कामगारमंत्री सी. व्ही. गणेशन यांनी विधानसभेत विधेयक मांडले. दुकाने व आस्थापना कायद्यात कलम २२-अ समाविष्ट होऊन प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी बसण्याची व्यवस्था बंधनकारक झाली. केरळने अशी तरतूद २०१८ मध्येच केली होती. उभ्याने काम करणाऱ्या कारखाना कामगारांसाठी तर ती १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. दुकानांतील कामगारांना त्यानंतर सात दशके थांबावे लागले.

कामाच्या तासांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. एप्रिल २०२३ मध्ये तामिळनाडू विधानसभेने कारखान्यांत बारा तासांच्या कामाच्या दिवसाला वाट करून देणारे विधेयक संमत केले. कामगार संघटनांच्या तीव्र विरोधानंतर ते मागे घेतल्याची घोषणा मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी १ मे २०२३ रोजी केली.

दिवसभर बसून अंग आखडलेला मनुष्य उतारा विकत घेऊ शकतो. दिवसभर उभा राहणाऱ्याला कायद्याचाच आधार असतो. एकाची गरज बाजारपेठेने तत्परतेने हेरली, दुसऱ्याची ओळखण्यास शासनाला विलंब लागला. दोघांचेही दुखणे कामाच्या रचनेतून आलेले आहे. कामाच्या मधे उठण्याची अथवा बसण्याची मुभा आणि मर्यादित तास यांना पैसा फारसा लागत नाही, मालकाची तयारी मात्र लागते. हिंजवडीतील संगणक कर्मचारी आणि दादरच्या कापड दुकानातील विक्रेती यांनाही हे तितकेच लागू आहे.