निवड झाली तर पाठवाल ना?

पाचवीतलं मूल घरात असलं की पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास येतात, एक सर्दी आणि दुसरा नवोदयचा फॉर्म. शाळेतल्या बाई म्हणतात, "पोरगी हुशार आहे, भरून टाका." आपण भरून टाकतो. मग क्लास, मग रविवारची सराव परीक्षा, मग "किती पडले हो तुमच्या पोरीला?" विचारणारे फोन. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाईसुद्धा आमटी वाढून घेता घेता तेच विचारते.

मैत्रिणींनो, या काळजीबद्दल मला जरा वेगळं म्हणायचं आहे. मूल निवडलं गेलं नाही तर काय, हे आपण सगळ्याजणी मोठ्याने बोलतो. निवडलं गेलं तर काय, हे कुणी तोंडावर आणत नाही. खरा विचार तिथेच करायचा आहे, आणि तो फॉर्म भरायच्या आधी करायचा आहे.

आधी परीक्षेचं बोलू, कारण तिचा बाऊ फार झालाय. जवाहर नवोदय विद्यालयं सुरू झाली 1985-86 साली. पहिल्या दोनांतलं एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार मुलांनाही चांगली निवासी शाळा मिळावी, हा मूळ हेतू. म्हणूनच निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना असतात. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण, आणि तो मराठीतून देता येतो. त्यातले निम्मे, म्हणजे 40 प्रश्न आणि 50 गुण, आकृत्यांचे. बाकीचे अंकगणित आणि भाषा, प्रत्येकी 20 प्रश्न, 25 गुण. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही.

हे 'एकदाच' ऐकलं की आयांच्या पोटात गोळा येतो. पण हिशेब करून बघा. जागा 80 आणि बसणारी मुलं शेकड्यांनी, कित्येक जिल्ह्यांत हजारांनी. यादीत शेवटचं नाव आलेल्या मुलात आणि थोडक्यात नाव हुकलेल्या मुलात एखाद्या प्रश्नाचाच फरक असू शकतो. त्या एका प्रश्नावरून घरात "आमचं पोरगं तेवढं काही हुशार नाही" असं बोललं जातं, आणि दहा वर्षांचं मूल ते दाराआडून ऐकतं. नातेवाइकांना परीक्षेची तारीख सांगूच नये, या मताची मी आहे. ज्याला तारीख माहीत नाही, तो निकालही विचारत नाही.

आकृत्यांचे प्रश्न कसले असतात, ते एकदा जुना पेपर उघडून स्वतः बघा. आरशात ही आकृती कशी दिसेल, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून उलगडला तर भोकं कुठे दिसतील, चारांतली वेगळी कोणती, मोठ्या आकृतीत लहान आकृती कुठे लपली आहे. यातलं निम्मं आपण दारातल्या रांगोळीत रोज करतो. ठिपके मांडून अर्धी रांगोळी तुम्ही काढा आणि उरलेली अर्धी तिला उलट बाजूने पूर्ण करू द्या. वर्तमानपत्राची चौघडी करून कात्रीने नक्षी कापा आणि उलगडायच्या आधी विचारा, "सांग, किती फुलं निघतील?" वेळ लावून पेपर सोडवायचा सराव लागतोच, गोल नीट भरायची सवयही लागते. पण त्यासाठी चौथीपासून मुलाची प्रत्येक संध्याकाळ क्लासला द्यायची गरज आहे, असं मला वाटत नाही. संध्याकाळी खेळून, दमून, भुकेलं होऊन घरी आलेलं मूल पेपरही बरा सोडवतं.

आता त्या न बोललेल्या काळजीकडे येते.

आमच्या नात्यातल्या एका घरात मुलीचं नाव यादीत आलं. पेढे वाटले, फोटो काढले, गावात फ्लेक्स लागला. पंधरवड्याने आज्जी म्हणाल्या, "एवढीशी पोर, तिला न्हाणीधुणी कोण करणार?" काका म्हणाले, "मुलीची जात, परक्या ठिकाणी नको." आई गप्प राहिली. पोर गेली नाही. त्याच घरातला चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी निवडला गेला होता, तेव्हा त्याची पेटी दुसऱ्या दिवशी भरली होती. मुलगी गावच्याच शाळेत आहे, चांगली शिकते आहे, तिचं काही वाईट झालं नाही. पण तिने त्या वेळी सगळ्यांसमोर एकच विचारलं होतं, "पाठवायचंच नव्हतं तर परीक्षेला का बसवलंत?" कुणापाशी उत्तर नव्हतं. आपली मुलगी हुशार आहे हे गावाला दाखवायचं होतं, एवढंच ते होतं. त्यासाठी तिच्या वर्षभराच्या सुट्ट्या गेल्या.

न पाठवण्याचा निर्णय चुकीचाच असतो, असं मी म्हणत नाही. दहा-अकरा वर्षांच्या लेकराला वसतिगृहात ठेवायला जीव धजत नाही, हे प्रामाणिक कारण आहे. ते परीक्षेच्या आधी बोलावं, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या घरांत आणखी एक विषय असतो, तो म्हणजे ताटाचा. वसतिगृहाचं स्वयंपाकघर शेकडो मुलांचं. सगळ्यांना एका वेळी जेवण, सगळ्यांना एकच भाजी. तिथे आपल्या मुलीला सूर्यास्ताच्या आत वेगळं वाढतील, कांदा-बटाट्याविना वेगळी भाजी करतील, असं धरून चालू नये. आधी विद्यालयात जाऊन नीट विचारावं, काय जमेल आणि काय नाही. मग आई-वडिलांनी बसून ठरवावं की कुठला नियम घरापुरता राहील आणि कुठला ती तिथेही पाळेल. आणि जे ठरेल ते तिला स्पष्ट सांगावं. नाहीतर पोर तिथे बटाट्याची भाजी खाते, सुट्टीत घरी येऊन "नाही खाल्ली" सांगते, आणि रात्री एकटीच त्याचं ओझं घेऊन झोपते. आपण न घेतलेला निर्णय तिच्या अंगावर ढकलायचा आणि वर तिला खोटं बोलायला लावायचं, हे मला कुठल्याच नियमात बसताना दिसत नाही.

आणखी दोन गोष्टी पुष्कळ आयांना ठाऊक नसतात. एक, सुरुवातीची वर्षं मराठीतून शिकवतात, पण नववीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. दोन, नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला पाठवतात आणि तिकडची मुलं इकडे येतात. मला ही पद्धत फार आवडते. पण ज्या आईला जिल्ह्याच्या ठिकाणचं वसतिगृहच लांब वाटतं, तिने हे आजच ऐकून ठेवलेलं बरं. पैशांची धास्ती मात्र नको. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून काही मुलांना विकास निधी भरावा लागतो, मुलींना तोही माफ आहे.

नाही पाठवायचं असं ठरलं, तर शिष्यवृत्ती परीक्षा आहेच. त्यात भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, 150 गुणांचे दोन पेपर. मुलाला कस लावून बघायचाय ना? तिथे लावा. त्या परीक्षेत नाव आलं तरी मूल घरातच राहतं आणि कुणाला पेटी भरावी लागत नाही.

पाठवायचं ठरलं, तर फॉर्म भरायच्या आधी तिला विद्यालय दाखवून आणा. झोपायची खोली, आंघोळीची जागा, मैदान, भेटीचा दिवस कुठला आणि फोन कधी करता येतो, सगळं तिला स्वतःला विचारू द्या. आज्जीला सोबत न्या. मी पाहिलंय, आज्जी एकदा तिथला जेवणाचा हॉल बघून आल्या की अर्धा विरोध तिथेच मावळतो, किंवा मग पक्का तरी होतो. दोन्ही चालेल.

आणि निवड होऊनही घरचा निर्णय फिरलाच, तर विद्यालयाला लगेच कळवा. प्रतीक्षा यादी असते. त्या यादीतही कुणाची तरी मुलगी असते, आणि तिची आई रोज फोनकडे बघत बसलेली असते.