वंध्यत्व : हातची वर्षे घालवू नका

लग्नानंतर मूल न झालेल्या जोडप्याला आपल्याकडे सल्ल्यांची वाण नसते. कोणी नवस सुचवते, कोणी जडीबुटीवाल्याचा पत्ता देते, कोणी ‘होईल, घाई कसली’ म्हणून धीर देते. बाईचे वय किती, हे मात्र कोणी विचारत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला हाच प्रश्न आधी विचारावा लागतो. उपचारांना यश किती येईल, हे बरेचसे त्याच्या उत्तरावर ठरते.

याचे कारण साधे आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू सतत नव्याने तयार होत असतात. स्त्रीबीजांचे तसे नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. म्हणजे बाई ३८ वर्षांची असेल, तर तिचे बीजही तितकेच जुने असते. तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत हळूहळू उतरते, पस्तिशीनंतर ती वेगाने उतरते. बीजातील गुणसूत्रांची वाटणी चुकू लागते. मग गर्भ राहत नाही, राहिला तर पडण्याचे प्रमाण वाढते. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मण्याचा संभव आईच्या पंचविशीत सुमारे बाराशेंत एक असतो, चाळिशीत तो शंभरात एकच्या आसपास जातो.

‘पाळी अगदी वेळेवर येते, मग वय आड कसे येईल?’ असे अनेकजणी विचारतात. पाळी येणे आणि बीज सकस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पाळी साधारणपणे ४६-४७व्या वर्षी जाते, पण गर्भधारणेची क्षमता त्याच्या कितीतरी आधी ओसरलेली असते.

आता टेस्ट ट्यूब बेबीविषयी. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला, तेव्हापासून या उपचाराने असंख्य घरांत पाळणा हलवला. बंद गर्भनलिका आणि शुक्रजंतूंची कमतरता यांवर त्याने वाट काढली. पण बीज पुन्हा तरुण करणे त्याला जमत नाही. स्वतःचे बीज वापरून पस्तिशीच्या आतल्या स्त्रीला एका प्रयत्नात मूल होण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक असते. चाळिशी ओलांडल्यावर ती दहात एकच्या आसपास येते आणि पंचेचाळिशीच्या सुमारास अगदी नगण्य होते. त्याच वयात तरुण दात्रीचे बीज वापरले, तर मात्र यश येऊ शकते. याचा अर्थ, अडचण गर्भाशयापेक्षा बीजाच्या वयाची असते. २०२१च्या कायद्यानेही बीज देणाऱ्या स्त्रीला २३ ते ३५ वर्षे अशी वयाची अट घातली आहे.

यावरून मुलींची शिक्षणे सोडवून लग्ने उरकावीत, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या भागात वय वाया जाते ते लग्नाआधी नव्हे, लग्नानंतर. चोविसाव्या वर्षी लग्न झालेली बाई तज्ज्ञाकडे नीट तपासणीला येते ती छत्तिसाव्या वर्षी. मधल्या बारा वर्षांत तिच्या तपासण्या चार ठिकाणी झालेल्या असतात, नवऱ्याची एकही नसते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही दोष सापडतो. वीर्यतपासणीत सुई नाही, शस्त्रक्रिया नाही, खर्चही थोडा. तरी ‘माझ्यात काही कमी नाही’ म्हणत नवरा ती टाळतो, घरचेही त्याचीच री ओढतात. त्याच्या हट्टापायी वर्षे जातात ती तिची. हा बाईवरचा उघड अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग किती थांबावे? स्त्रीचे वय ३५च्या आत असेल तर एक वर्ष, ३५च्या पुढे असेल तर सहा महिने. चाळिशी आली असेल, पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग किंवा ओटीपोटाचे मोठे दुखणे झाले असेल, तर मुळीच थांबू नये. पहिल्या खेपेलाच दोघांनी एकत्र जावे आणि वीर्यतपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी.

मोठ्या उपचारासाठी जमीन किंवा दागिना मोडण्यापूर्वी केंद्राची सरकारी नोंदणी आहे ना, ते पाहावे. भिंतीवरच्या बाळांच्या फोटोंवर जाऊ नये. ‘माझ्या वयाच्या किती स्त्रियांनी इथून मूल घरी नेले?’ असे सरळ विचारावे. नुसता गर्भ किती जणींना राहिला, हे त्याचे उत्तर नव्हे. वय पुढे गेले असेल, तर डॉक्टरांनीही खोटी आशा न दाखवता दात्रीचे बीज आणि दत्तक या दोन्ही वाटा समजावून सांगाव्यात.

नवसाला माझी हरकत नाही. मात्र तो बोलाल त्याच आठवड्यात दोघे मिळून डॉक्टरांकडेही जा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती, सुनेला बोल लावण्याआधी मुलाला तपासणीसाठी पाठवा. निदान तेवढ्याने तरी तिची काही वर्षे वाचतील.