पोळ्याच्या बैलावरून इंग्रजी

नाताळ आला की वर्गात इंटरनेटवरून घेतलेल्या चित्रात बर्फाचा माणूस असतो. त्याला गाजराचं नाक, कोळशाचे डोळे. पहिली-दुसरीची मुलं बोट दाखवून ‘नोज’, ‘आइज’ म्हणतात. सणाच्या निमित्तानं अवयवांची नावं शिकवायची ही रीत मला मनापासून पटते. सणात मूल रमलेलं असतं आणि शब्द चटकन जिभेवर बसतो. पण जळगाव-धुळ्याच्या मुलानं बर्फ पाहिलाय कुठं? त्यानं पाहिलाय तो पोळा.

आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि श्रावणी अमावास्येला पोळा येतो. म्हणजे नवं मूल वर्गात रुळतं न रुळतं तोच सण दारात. आदल्या दिवशी खांदेमळणी. जू वाहून दमलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात, हे शेतकऱ्याच्या पोरानं जवळून पाहिलेलं असतं. त्याच वेळी ‘शोल्डर’ सांगावा. वर्गात मातीचे बैल करावेत. ‘पेंट द हॉर्न्स’, ‘टच द टेल’ म्हणत रंगवावेत. वशिंड आलं की ‘हम्प’ आला. मग पोरांनी स्वतःकडे बघावं: बैलाला चार पाय, मला दोन, कान दोघांनाही, शिंगं मात्र त्यालाच. अशा तुलनेतून सुटे शब्द मागे पडतात आणि मूल आख्खं वाक्य बोलू लागतं. ऐकायचं आणि अंगानं करून दाखवायचं, ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६०च्या दशकात मांडली. लहानग्यांना तीच मानवते.

श्रावणातच खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. नारळाला डोळे, नाक, नथ. घरच्या कानबाईला हात लावू नये, ती श्रद्धेची गोष्ट आहे. वर्गात कागदावर चेहरा काढावा. घरी अहिराणीत डोळ्याला ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला तो शब्द शाळेतही मोकळेपणानं म्हणू द्यावा, ‘आय’ त्याच्या शेजारी येऊन बसेल.

आणि वर्ग काही एकाच घरातला नसतो. ईदची मेंदी आहेच, ‘पाम’ आणि ‘फिंगर्स’ तिच्यात आयते मिळतात. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्यातल्या पावरा मुलांची होळी तर शरीराचाच सण. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, अंगावर पांढरे ठिपके. ‘हेड’, ‘वेस्ट’, ‘स्किन’ शिकवायला याहून चांगलं चित्र कुठल्या पुस्तकात मिळणार? तिथं तर मूलच गुरुजींना नाच दाखवील.

गुरुजी, बाई, नाताळ जरूर साजरा करा. पण यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी इंग्रजीच्या तासाला वर्गात माती आणा.